ओट्याची उंची कुणी ठरवली? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका,

घराच्या सजावटीतून स्वतःची आवड कशी दाखवावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि काल दिवसभर ती डोक्यातून गेली नाही. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही मांडलेला विषय दोन ओळींत आटपणारा नाही.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांच्या नाशिकच्या घराचं काम मुला-सुनेने गेल्या दिवाळीच्या आधी काढलं. माझा लेख सूनबाईंनी वाचला होता. हॉलमधली १९८१ सालची मोझॅकची फरशी फोडून ऑफव्हाइट व्हिट्रिफाइड बसवली, भिंती बेज झाल्या, एका भिंतीवर वारलीचं स्टिकर आलं आणि काकांच्या आईची तांब्याची घागर मनी प्लांटची कुंडी झाली. काका लिहितात, "स्वतःची शैली शोधा असं सांगता आणि सगळ्यांना एकच घर दाखवता. आमच्या पिढीने घर कधी 'सजवलं' नाही, तरी आमच्या घरांना चेहरा होता."

काका, जिथे तुमचं बरोबर आहे तिथून सुरुवात करते. त्या लेखात मी सात फोटो दिले होते. तुमची प्रतिक्रिया वाचून ते परत उघडून पाहिले, तर सातांपैकी पाच घरांच्या भिंती एकाच बेज रंगाच्या निघाल्या. वर 'तुमची आवड तीच तुमची ओळख' असं लिहायचं आणि खाली पाच वेळा तोच रंग दाखवायचा, ही माझी चूक आहे. वाचणाऱ्याच्या मनात शब्दांपेक्षा फोटो जास्त राहतात, हे मला कळायला हवं होतं.

तो रंग सगळीकडे का दिसतो, याचा नंतर बराच विचार केला. बिल्डर ताबा देतो तेव्हा खाली दोन बाय दोनची ऑफव्हाइट फरशी आणि भिंतीला ऑफव्हाइट रंग आधीच असतो. भाड्याने देताना त्याला कुणी नाक मुरडत नाही, विकतानाही नाही. शिवाय त्याचे फोटो मोबाइलवर छान येतात. सुतारही आता नमुन्याचे तुकडे आणण्याआधी फोनवरचे फोटो दाखवतो आणि ते त्याच्या मागच्या कामाचे असतात. म्हणजे बेज 'निवडला' असं आपण म्हणतो खरं, पण बऱ्याचदा तो आपल्यापर्यंत नुसता वाहत आलेला असतो. आणि आपल्याकडे रंग नव्हते असं थोडंच आहे? चुन्यात नीळ घालून काढलेली थंड निळसर भिंत, पिवडीची पिवळी खोली, खाली कमरेइतका गेरूचा पट्टा. हे रंग स्वस्त होते, बाजारात सहज मिळायचे, म्हणून वापरले जायचे. आपल्या उन्हात ते डोळ्यांना किती शांत वाटतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. त्या लेखात त्यांचा एकही फोटो नव्हता.

वारलीबद्दलही तुम्ही बरोबर आहात, आणि तिथे मला तुमच्यापेक्षा जरा जास्तच वाईट वाटतं. वारली लोकांमध्ये लग्नघरात भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ आणि टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. तो लिहिण्याचा मान सवासिनींचा. चौकाच्या मधोमध पालघट देवी असते, लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, गाणी म्हणत असते आणि त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर आणलं आणि रोजचं शेत, मासेमारी, तारपा या फुंकवाद्यावरचा नाच त्यात रंगवला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावर आलेलं चित्र विकत घेऊन घरात लावण्यात मला काही गैर वाटत नाही. चित्रकाराला त्याचे पैसे मिळतात, आपल्या घरात एका माणसाच्या हाताची रेघ येते. स्टिकरमध्ये हात कुणाचाच नसतो. तारप्याच्या नाचाची ती वेटोळी सोफ्याच्या मापाने अर्ध्यात कापलेली मी पाहिली आहे. तुमच्या घरातलं स्टिकर तसं असेल तर काढून टाका म्हणणार नाही, पण पुढच्या वेळी एकच लहान चित्र घ्या, काढणाऱ्याच्या हातातून.

आता जिथे मला तुमचं पटत नाही ते.

तुमच्या पिढीने घर सजवलं नाही, हे खरं नाही काका. त्या मोझॅकचंच घ्या. संगमरवराच्या खाणीत आणि कारखान्यात उरलेल्या चिपा सिमेंटमध्ये घालायच्या, वरून घासून गुळगुळीत करायचं, ही रीत मूळची व्हेनिसच्या बाजूच्या कारागिरांची. आपल्याकडे सिमेंटच्या लाद्यांना जोर आला तो स्वदेशीच्या वातावरणात. भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी १९२२ साली काढली, तेव्हा परदेशी लाद्यांना उत्तर देणं हा त्यातला विचार होता. सिमेंटच्या या नक्षीच्या लाद्या भट्टीत भाजत नाहीत. साच्यात पत्र्याचे कप्पे असलेली नक्षी ठेवायची, एकेका कप्प्यात रंगीत सिमेंटचा पातळ घोळ ओतायचा, नक्षी अलगद वर उचलायची, मागून कोरडं सिमेंट भुरभुरायचं, दाबयंत्राखाली दाबायचं आणि मग पाण्यात मुरू द्यायचं. रंग वरवरचा नसतो, काही मिलिमीटर खोल गेलेला असतो, म्हणून तीन पिढ्या चालल्या तरी फूल पुसत नाही. मुंबईतल्या इमारतींत त्या बसल्या तेव्हा ती नवी फॅशन होती, आणि त्यांच्याआधी शहाबादी फरशीवर वाढलेल्या कुणा आजोबांना ती नक्की भपकेबाज वाटली असणार.

मोझॅकचंही तसंच. सत्तर-ऐंशीच्या दशकात सोसायटीतल्या चाळीसच्या चाळीस घरांत तीच लादी, तोच पांढऱ्यावर काळ्या-लाल चिपांचा दाणा. त्यावर सनमायकाचं शोकेस, शोकेसमध्ये काचेचा टी-सेट आणि मुलीने शाळेत केलेली लोकरीची बाहुली. टीव्हीवर भरतकामाचं झाकण. ही सजावटच होती. आमच्याही घरी ते सगळं होतं आणि मला ते अजून प्रिय आहे. पण वस्तू तर शेजारच्या घरातही त्याच होत्या. मग चेहरा कुठून आला? तुमच्या हॉलमध्ये आरामखुर्चीच्या पायांपाशी फरशी थोडी जास्त गुळगुळीत झाली असेल, देवापुढे एक तेलकट चकाकी चढली असेल. तो वापराचा चेहरा होता. चाळीस वर्षांत आला. नव्या फरशीला अजून वर्षही झालेलं नाही.

तरी फरशी फोडायला नको होती, हे मान्य. चांगली मोझॅक फोडून त्यावर पैसे घालण्यासारखं दुःख नाही. आता तोच दाणा 'टेराझो' या नावाने परत आलाय आणि व्हिट्रिफाइडवर छापून मिळतो.

घागरीबद्दल मात्र मी सूनबाईंच्या बाजूची आहे. तुम्ही लिहिलंत की ती वीस वर्षं माळ्यावर पोत्यात होती. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून ठोक्यांचा आवाज येतो. तांब्यावर एकसारखे ठोके देत जाण्याच्या त्या कामाला तिथे मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याने पत्रा घट्ट होतो आणि त्यावर उजेड धरून ठेवणारा एक खळगा पडतो. असं भांडं पोत्यात काळं पडत राहण्यापेक्षा हॉलमध्ये दिसलेलं बरं. फक्त एक करा. घागरीला खालून भोक पाडू देऊ नका आणि माती थेट भरू नका. ओल्या मातीने आतून हिरवं चढतं आणि तांबं खराब होतं. प्लास्टिकची कुंडी आत बसवा, पाणी घालताना ती बाहेर काढा. उद्या कुणाला घागरीत पाणी भरावंसं वाटलं तर ती स्वच्छ करून, कल्हईवाला गाठून परत वापरात आणता येईल. ती वाट मोकळी राहू दे.

पण हे सगळं लिहायला बसले ते एका वेगळ्याच वाक्यासाठी. तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी आहे: "आमच्या मिसेसनी कधी रंग बदला म्हणून हट्ट धरला नाही." ते वाचलं आणि मला माझी आई दिसली.

आमचं घर डोंबिवलीचं. १९८६ साली घेतलं. स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा, बिल्डरने सगळ्या घरांना घातला तोच, चौतीस इंच उंच. माझी आई चार फूट दहा इंच. पोळी लाटायला दाब लागतो, तो खांद्यातून येतो, आणि ओटा छातीच्या जवळ आला की हात वर उचलून लाटावं लागतं. म्हणून आई एका पाटावर उभी राहून लाटायची. जेवायचा पाट, लाल रंगाचा. त्या पाटावर दोन पावलांएवढा रंग उडून खालचं लाकूड दिसायला लागलं होतं. आम्ही भावंडं तो पाट आईचा म्हणून ओळखायचो, त्यावर जेवायला बसायचो नाही. तो तिथे का आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही.

२०१७ साली स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं. मी मोठ्या हौसेने शटरच्या रंगांचं पुस्तक आणलं, आईसमोर ठेवलं. तिने दोन पानं उलटली, बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "रंग तू बघ गं. ओटा थोडा खाली घेता येईल का?" कंत्राटदार म्हणाला, स्टँडर्ड हाइट असते ताई, चार्टप्रमाणे करतो आम्ही. आई लगेच म्हणाली, मग राहू दे. इतक्या पटकन म्हणाली की मला भीती वाटली. मी तिला भिंतीला टेकून उभं केलं, कोपर काटकोनात वाकवायला लावलं, जमिनीपासून कोपरापर्यंत टेपने मोजलं आणि त्यातून सहा इंच वजा केले. तीस इंच आले. खिडकीजवळचा अडीच फुटांचा ओटा तेवढ्या उंचीला घेतला, शेगडीकडचा होता तसाच ठेवला. त्या अडीच फुटांखाली एक ड्रॉवर कमी बसला. दिसायला ओटा तुटल्यासारखा दिसतो. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे असं का? आई दर वेळी सांगते, "ते माझं आहे."

एकतीस वर्षं, काका. आणि तिने हट्ट धरला नव्हता, कारण हट्ट धरायची जागा तिला कुणी दिलीच नव्हती.

म्हणून सूनबाईंनी तुमच्या घरात रंग बदलले याचं मला वाईट वाटत नाही. आपल्याकडे लग्न होऊन आलेल्या मुलीला घर तयार मिळतं, कपाटातला एक कप्पा मिळतो, आणि ओटा, माळा, देवघर, खुर्च्या सगळं आधीच ठरलेलं असतं. भिंतीचा रंग ही तिने ठरवलेली पहिली गोष्ट असू शकते. तो रंग माझ्या लेखातून उचललेला आहे याचं मला वाईट वाटतं. तिला निवडायला सांगताना मी तिच्या हातात तयार उत्तर दिलं. त्याऐवजी मी विचारायला हवं होतं: सकाळचा चहा कुठे बसून पिता? फोनवर आईशी बोलायला कुठल्या खोलीत जाता? पोळ्या लाटताना कोपर कुठे येतं? त्या उत्तरांतून घर निघालं असतं तर त्यात बेज भिंत कदाचित आलीही असती, पण ती तिची असती. त्या लेखात हे प्रश्न आता घालते आहे, आणि पाचपैकी तीन फोटो काढून टाकते आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला. मागच्या खोलीतली मोझॅक अजून शाबूत आहे, तिचं काही करता येईल का? नक्की येईल. मोझॅक पॉलिशवाल्याला बोलवा. मशीनला आधी जाड दगड लावतात, मग बारीक, मग आणखी बारीक, असे तीन-चार हात मारतात. पाणी टाकत घासायचं असल्यामुळे खोलीभर पांढरा राडा होतो. सामान पूर्ण बाहेर काढावं लागतं आणि भिंतीला खाली फूटभर प्लास्टिक चिकटवून घ्यावं लागतं. पहिल्या घासणीनंतर सांधे आणि बारीक खड्डे पांढऱ्या सिमेंटमध्ये जुळता रंग मिसळून भरायला सांगा, ते वाळल्यावरच पुढचा दगड. शेवटी ऑक्झॅलिक पावडर. रंग जुळवण्यासाठी त्याला फरशी ओली करून बघायला लावा, कोरड्या फरशीवर अंदाज चुकतो. काळ्या-लाल चिपा नव्यासारख्या वर येतील.

पण त्याला फोन करण्याआधी सूनबाईंना विचारा. ती खोली आता त्यांची आहे, असं तुम्हीच लिहिलंय.