तारा नाव का नको?
परदेशात वाढणाऱ्या मुलीला तिथल्या शिक्षकांना सहज म्हणता येईल असंच नाव ठेवा, हा लेखातला सल्ला मला अर्धाच पटला. ‘ळ’, ‘ण’ टाळा, मान्य. पण म्हणून मिया, कियाच कशाला? आमच्या साताऱ्याकडे तारा आहे! राजाराम महाराजांच्या पश्चात, १७०० पासून महाराणी ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंज दिली. १७६१ मध्ये त्यांनी साताऱ्यातच देह ठेवला. म्युनिकच्या माझ्या भाचीचं नाव हेच ठेवलंय, आत्या म्हणून कुर्रर्र मीच केलं, व्हिडिओ कॉलवरून!

आणि हो, आईवडील भारतीय नागरिक असतील आणि बाळाचं नागरिकत्व भारतीय ठेवायचं असेल, तर वकिलातीत जन्मनोंदणी वर्षाच्या आत करा. घरी चिमी म्हणा नाहीतर ठमी, कागदोपत्री स्पेलिंग मात्र सगळीकडे एकच ठेवा.