जीपीएक्स मागू नका

मागच्या रविवारी नवी मुंबईत खारघरच्या डोंगरावरून सायकलने उतरतानाचा फोटो टाकला आणि इनबॉक्स भरून गेला. "दादा, ट्रॅक पाठवा ना." "सर, जीपीएक्स प्लीज." एकाने तर नुसतंच "लोकेशन?" ना नमस्कार, ना चमत्कार. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच लिहितो. जीपीएक्स, म्हणजे वाटेची जीपीएस नोंद असलेली फाईल, देणार नाही. का देणार नाही ते लांबड लावून सांगणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी कबुली. ती वाट वेड लावणारीच आहे. वर जायला डांबरी रस्ता आहे, चाफेवाडी-फणसवाडीपर्यंत. पहाटे साडेपाचपासून अर्धं खारघर त्यावर चालायला येतं. गुडघ्याला पट्टा बांधलेले काका, मोबाईलवर अभंग लावून चालणाऱ्या काकू, दर वळणाला "अजून किती राहिलं?" विचारणारे पाहुणे. मी माझ्या सेकंडहॅण्ड हार्डटेलवर (फक्त पुढे शॉकअप असलेली डोंगरी सायकल), सगळ्यात हलका गिअर टाकून, साधारण त्या काकांच्याच वेगाने चढत असतो. परवा एका काकांनी मला मागे टाकलं आणि वर "चालू द्या, चालू द्या" म्हणाले. बरं वाटलं नाही.

पण वर पोचलं की सगळं वसूल होतं. थंडीतल्या सकाळी पूर्वेला प्रबळगड आणि त्याला टेकलेला कलावंतिणीचा सुळका, मागे माथेरानचा लांबलचक सपाट माथा, दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा. खाली गोल्फ कोर्सचं हिरवं चादरीसारखं पसरलेलं, त्यापलीकडे मेट्रोचे खांब, इमारती, आणि हवा स्वच्छ असेल तर पनवेलची खाडी. गवत तोवर पिवळं पडलेलं असतं. वारा आला की अख्खा माळ एका बाजूला झुकतो.

आणि मग ती पायवाट. सुरुवातीला सरळ, सोपी, गवतातून. मग एकदम तोंड खाली करते. रुंदी म्हणाल तर समोरून माणूस आला तर एकाला जाळीत शिरावं लागतं, एवढीच. एका अंगाला करवंदं, दुसऱ्या अंगाला घळ. तिथे बूड सीटच्या मागे न्यायचं, जवळजवळ मागच्या टायरवर. पेडल आडवी, टाचा खाली, ब्रेकवर दोन्ही हातांची एकेकच बोटं. नजर पुढच्या चाकावर ठेवायची नाही, पुढच्या वळणावर ठेवायची. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर जाऊन आदळता. (संसारातही हेच होतं असं बायको म्हणते, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.) टायरमध्ये हवा कमी, माझ्या वजनाला ट्यूबलेसमध्ये २५ पीएसआय पुरते. सगळं जमून आलं की सात-आठ मिनिटं डोक्यात ऑफिस नाही, ईएमआय नाही, काही म्हणजे काही नाही.

आता मुद्द्याचं.

त्या उतारावर जागोजागी दगडांच्या ओळी होत्या. चार-पाच दगड, अर्धे जमिनीत गाडलेले, वाटेला तिरके लावलेले. पायी जाणाऱ्याला त्यांचा त्रास नाही, उलट पाय टेकायला बरे. सायकलला मात्र वैताग. पुढचं चाक आपटतं, लय तुटते, एक-दोघांचे रिमही वाकले. दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपने एका रविवारी "लाईन साफ" केली. म्हणजे ते दगड उपटले आणि घळीत ढकलून दिले. मीही होतो त्यात. नुसता होतो कशाला, सगळ्यात मोठा दगड मी आणि अजून एकाने मिळून उपटला. तो गडगडत जाताना आम्ही टाळ्या वाजवल्या. व्हिडिओही आहे. दाखवणार नाही.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. पहिल्या वर्षी वाटेच्या मधोमध वीतभर चर पडली. आम्ही म्हटलं, पाऊसच तेवढा झाला. दुसऱ्या वर्षी ती चर गुडघाभर झाली, मुरूम वाहून गेला आणि खालचा कातळ उघडा पडला. मग चरीत चाक अडकू नये म्हणून सगळे बाजूच्या गवतातून जायला लागले आणि शेजारी दुसरी वाट पडली. तिलाही चर. आज तिथे तीन वाटा आहेत आणि एकही धड नाही.

नोव्हेंबरात मी तिथेच पडलो. वळणावर वेग जास्त होता. घाबरून मागचा ब्रेक कचकन दाबला, चाक लॉक झालं. लॉक झालेलं चाक वळत नाही, नुसतं घसरतं, हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे आणि तरीही. समोरून डोक्यावर मोळी घेतलेल्या एक मावशी वर येत होत्या. त्या मोळीसकट करवंदात शिरल्या. मी त्यांच्या पायाशी आडवा, सायकल माझ्या अंगावर, कोपरात मुरूम रुतलेला.

त्यांनी मोळी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, हाडं जागेवर आहेत याची खात्री केली. मग म्हणाल्या, "पावसात इथं पाय ठरत नाय आता. आमचे दगड कुठं गेले काय माहीत."

मी काय बोलणार? "मावशी, लागलं का तुम्हाला?" एवढंच विचारलं. त्यांच्या हातावर काट्यांचे ओरखडे होते. त्यांनी ते पदराने पुसले, मोळी उचलायला मला हात लावायला सांगितला आणि गेल्या. मोळी माझ्या अंदाजापेक्षा बरीच जड होती.

घरी येऊन मी पहिल्यांदा वाचायला बसलो की डोंगरातल्या वाटा बांधतात कशा. बारा वर्षं सायकल चालवतोय, ब्रेक पॅड कुठल्या कंपनीचे चांगले यावर तासभर बोलू शकतो, पण हे कधी वाचलं नव्हतं. तर गणित साधं आहे. पाणी नेहमी सगळ्यात तीव्र उताराच्या दिशेने पळतं. वाटही त्याच दिशेने सरळ खाली जात असेल तर पाणी वाटेत शिरतं आणि बाहेरच पडत नाही. वाटेचाच ओहोळ होतो. म्हणून जगभर ट्रेल बांधणारे एक ठोकताळा पाळतात: डोंगराच्या कडेला जेवढा उतार असेल, त्याच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला द्यायचा नाही. कड तीस टक्के उताराची असेल तर वाट पंधराच्या आत. म्हणजे पाणी वाट ओलांडून पलीकडे जातं, वाटेवरून धावत नाही. आणि जिथे उतार जास्त ठेवावाच लागतो तिथे काय करतात? वाटेवर तिरके दगड किंवा ओंडके गाडतात, पाण्याला बाजूला काढायला.

तिरके दगड. अर्धे गाडलेले. वाचताना कान तापले माझे. पाड्यावरच्या लोकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्यांना भर पावसात, डोक्यावर टोपली घेऊन, त्याच वाटेने खाली यावं लागतं. जून-जुलैत खारघरच्या बाजारात शेवळं, टाकळा, कंटोली घेऊन बसलेल्या बायका तुम्ही बघितल्या असतील. भाजी स्वस्त मागताना तर नक्कीच बघितल्या असतील.

काही जण म्हणतील, माउंटन बायकिंग हा खेळच असा आहे, बाहेरच्या देशात तर डोंगर उभे कापत जातात. तर तिथलंही ऐका. या खेळाची सुरुवात ज्या ठिकाणाशी जोडली जाते ते कॅलिफोर्नियातलं मरिन, माउंट टॅमलपाइसचा परिसर. १९७६ मध्ये तिथल्या काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन एका उतारावर शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरच्या आत जवळपास चारशे मीटर खाली. पेडल उलटं फिरवून लागणारे ब्रेक एवढे तापायचे की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीचं नाव पडलं 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरा. ऐकायला भारी वाटतं. पण पुढे पायी चालणारे आणि घोडेवाले वैतागले, आणि त्याच परिसरात सायकलींना ताशी पंधरा मैलांची वेगमर्यादा आली. कॅलिफोर्नियात एकामागून एक वाटा सायकलींना बंद व्हायला लागल्या, तेव्हा १९८८ मध्ये सायकलवाल्यांनीच 'इम्बा' (इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन) ही संघटना काढली. ओल्या वाटेवर चाकाचे चर पाडू नका, वर येणाऱ्याला आधी जाऊ द्या, वाट मोकळी आहे का ते आधी तपासा, असे तिचे नियम आहेत. मी त्या नोव्हेंबरच्या दिवशी यातले किती मोडले ते मोजलं नाही.

आता जीपीएक्सचं. ट्रॅक एकदा ग्रुपवर गेला की तो स्ट्राव्हा ॲपवर सेगमेंट, म्हणजे वेळ मोजायचा टप्पा, होतो. सेगमेंट झाला की केओएम, म्हणजे त्या टप्प्यावरच्या सगळ्यात वेगवान सायकलवाल्याचा किताब, येतो. केओएम आला की कोणीतरी सात मिनिटांची साडेसहा करायला जातो, आणि वळणापलीकडे मोळी घेतलेली बाई आहे की नाही हे त्याला घड्याळ सांगत नाही. आमच्या उतारावर सेगमेंट मीच बनवला होता. तो काढून टाकलाय. काही जणांचे विक्रम गेले म्हणून ते माझ्यावर नाराज आहेत. असू देत.

एक सूचना अशीही आली की आपण सह्या गोळा करून ही वाट "अधिकृत एमटीबी (माउंटन बाइक) ट्रेल" म्हणून जाहीर करून घेऊ, फलक लावू. मला हे अजिबात पटत नाही. जी वाट पाड्यावरच्या लोकांनी पायाने पाडली, दगड लावून टिकवली, तिच्या तोंडाशी आपण सायकलचं चित्र लावायचं? उद्या त्यांनाच कोणीतरी "बाजूला व्हा, ट्रेल आहे" म्हणेल. सायकलसाठी वेगळी वाट हवी असेल तर ती वेगळी मागा, नीट आखलेली, निम्म्या उताराचा हिशोब पाळून. त्या मागणीवर पहिली सही माझी.

ठाण्याच्या मित्रांसाठी जाता जाता: येऊरच्या डांबरी रस्त्यावर चढाचा सराव करा, उपवनवरून वर जाताना घाम चांगला निघतो. पण तिथल्या जंगलात शिरणाऱ्या पायवाटा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या आहेत, परवानगीशिवाय आत सायकल घालू नका. बिबट्याचा भाग तर वेगळाच. आणि आपल्याकडे पावसाळ्यात पांडवकडा धबधब्याच्या बाजूला बंदी असते. "आपण सायकलवाले आहोत, पिकनिकवाले नाही" हे कारण तिथे चालत नाही, आणि चालू नये.

मी चालवणं सोडणार आहे का? नाही. ती सात-आठ मिनिटं मला लागतात. आता दहा-बारा लागतात, कारण वळणाआधी थांबून हाक देतो आणि मागचं चाक लॉक होईल असं वाटलं की सरळ उतरून ढकलत जातो. पहिल्यांदा लाज वाटली. त्याच वळणावर त्या मावशी पुन्हा भेटल्या, तेव्हा त्यांनी "आज पायीच का?" असं हसून विचारलं.

डिसेंबरात पाड्यावर जाऊन एका आजोबांना दगडांचं खरं काय ते सांगितलं. त्यांनी बराच वेळ बिडी ओढली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "लावून द्या परत." वनरक्षकांनाही भेटलो. नवी खोदाई नाही, झाडाला हात नाही, आधी होते तसे दगड लावा, असं ठरलं. दोन रविवारांत नऊ ओळी झाल्या. पहिल्या रविवारी आम्ही अकरा जण होतो, दुसऱ्या रविवारी चार. आजोबा येऊन बघतात, दगड पायाने हलवून बघतात आणि हलला तर परत काढायला लावतात. पहिल्या नऊमधल्या पाच ओळी आम्हाला पुन्हा लावाव्या लागल्या. दगडाचा मोठा भाग जमिनीत जायला हवा आणि खालच्या बाजूला पाणी बाहेर पडायला तोंड हवं, एवढं साधं आमच्यातल्या दोन इंजिनिअरांना कळायला अर्धा दिवस लागला.

अजून चौदा ओळी बाकी आहेत, आणि तो सगळ्यात मोठा दगड घळीत खाली दिसतोय. तो वर आणायला सहा माणसं लागतील. येत्या रविवारी सकाळी सहाला उत्सव चौकात भेटू, सायकली घरी ठेवून. हातमोजे आणि पाणी आपापलं आणा. पहारी दोन आहेत, तिसरी कोणाकडे असेल तर खाली सांगा.