खोंडाचा हिशेब

बव्हेरियातल्या ज्या खेड्यात मी राहतो, तिथे माझ्या घरमालकाच्या गोठ्यात फ्लेकफी जातीच्या गाई आहेत. अंगावर तांबूस ठिपके, तोंड पांढरे, मूळ स्वित्झर्लंडच्या सिमेंटाल खोऱ्यातले. गाय व्याली आणि खोंड झाला, तर मालकाचा चेहरा उतरत नाही. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात माझ्या चुलतभावाची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय व्याली आणि खोंड झाला, तर मात्र घरातले सगळे त्या विषयावर गप्प बसतात.

फ्लेकफी होल्स्टीनपेक्षा कमी दूध देते, पण तिचा खोंड मक्याच्या मुरघासावर (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यावर) सोळा-अठरा महिन्यांत कत्तलीच्या वजनाला येतो आणि भाकड गायीलाही चांगला भाव मिळतो. वळू निवडताना दूध, मांस आणि आरोग्य-प्रजनन यांचा मिळून एकच निर्देशांक पाहिला जातो. जिथे निव्वळ दुधासाठी होल्स्टीन पाळतात, तिथे इकडेही तिचा खोंड कवडीमोलाने जातो, हे गावाकडच्या मित्रांना सांगितले तर खरे वाटत नाही.

'दुहेरी उपयोगाची गाय' हा शब्द आपल्याकडेही आहे, पण त्याचा अर्थ दूध आणि ओढकाम; मराठवाड्याची देवणी हे त्याचे उदाहरण. (फ्लेकफीचे पूर्वजही नांगर ओढत, ट्रॅक्टर आल्यावर त्यांचे ते काम सुटले, मांसाचे राहिले.) आपल्या खोंडाची किंमत नांगरावर उभी होती. ती ट्रॅक्टरने नेली, आणि 2015 मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यावर दुसरी वाट कायद्याने मिटली. शर्यतीच्या खिलार खोंडाला आजही मोल आहे. संकरित खोंडाला तेही नाही.

गावाकडचा वाद मात्र कायदा असावा की नसावा, एवढ्यावरच अडतो. मला वाटते, प्रश्न गाय भरवतानाच विचारायला हवा, कारण कोणत्या वळूच्या रेताची कांडी वापरायची हे ठरले की नऊ महिन्यांनंतरची अडचणही बहुतांशी ठरलेली असते. म्हणून फ्लेकफीचे रेत कोल्हापुरात आणा, असे मी म्हणणार नाही. तिचा अर्धा हिशेब खाटकाच्या दारात मिटतो, आणि तो दरवाजा आपण कायद्याने आणि श्रद्धेने बंद केलेला आहे. एचएफ गाय पाळायचीच असेल, तर बहुतांश कालवडीच देणाऱ्या लिंगवर्गीकृत रेतमात्रा हा त्यातल्या त्यात प्रामाणिक उपाय आहे.

खरे तर दूध आणि मांस अशा दोन्ही कामांचे जनावर कोल्हापूरच्या दावणीला आधीच आहे. गिऱ्हाइकासमोर कट्ट्यावर धार काढण्याची परंपरा असलेले हे शहर म्हशीचे आहे; गोवंशाची बंदी म्हशीला लागू नाही, आणि भारतातून निर्यात होणारे मांस प्रामुख्याने म्हैसवर्गाचेच असते. तरीही मुऱ्हा किंवा पंढरपुरी म्हशीची निवड आपण केवळ दुधावर करतो. तिचे नर रेडकू किती वाढले, याची नोंद ठेवणारा गोठा मी तरी पाहिलेला नाही. पुष्कळ नर रेडके अर्धपोटी राहून मरतात, आणि मला ते कत्तलीपेक्षा अधिक दयेचे वाटत नाही.

हे मी चुलतभावाला फोनवर ऐकवले, तेव्हा तो म्हणाला, "दादा, रेडकाला पाजलं तर डेअरीला काय घालू?" माझा घरमालक वासरांना भुकटीचे दूध पाजतो, त्या पोत्याचा भाव आणि आठ महिन्यांच्या रेडकाचा बाजारभाव यांचा हिशेब आम्ही दोघे आता मांडत आहोत.