तेवढे दोनशे चाळीस

काकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, त्यांचे डोळे भरून आले, आणि मी मनात म्हटलं, आता हा माणूस रडणार. परवा रात्री, मुंबई विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यापाशी. काठमांडूच्या हॉटेलवाल्यांनी निरोपाला घातलेला पिवळा खादा, म्हणजे मानाचं उपरणं, अजून गळ्यात होता.

"अरे," काका कापऱ्या आवाजात म्हणाले, "तेवढे दोनशे चाळीस राहिले बघ."

मागचं थोडक्यात सांगतो. काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ. ९ दिवस, २६ माणसं, एकमेकांना अनोळखी. काका कोथरूडचे, ट्रेझरीतून निवृत्त. मुक्तिनाथाला देवळामागे अर्धवर्तुळात गोमुखांतून पडणाऱ्या १०८ धारा आहेत. उंची ३,७०० मीटरच्या वर, आणि पाणी असं की चौथ्या धारेखाली माणूस स्वतःचं नाव विसरतो. आम्ही बोंबलत पळत होतो आणि काका कडेला टॉवेल गुंडाळून मोजत होते. बाहेर आलो तर म्हणाले, "एकशेसात. एक चुकवलीस." कुठली चुकली ते त्यांनाही सांगता येईना, म्हणून सगळ्या पुन्हा. तेव्हा मला ती माया वाटली होती.

दोनशे चाळीस जोमसोमचे, म्हणजे मुक्तिनाथाजवळच्या विमानतळाच्या गावचे. तिथं दिवस चढला की खोऱ्यातून असा वारा सुटतो की विमानं सकाळीच काय ती उडतात. आपलं उडतंय की राहतंय या धास्तीत आम्ही धावपट्टीजवळच्या टपरीवर बसलो होतो. काकांनी लसणाचं सूप मागवलं, एक वाडगा माझ्यापुढे सरकवला. मी पाकीट काढलं तर हात दाबून म्हणाले, "ठेव रे. मुलासारखा आहेस मला."

शेवटच्या रात्री हॉटेलात निरोपाचा कार्यक्रम झाला. माइक फिरला, रडारड झाली. काका म्हणाले, "पैसा काय, येतो जातो. माणसं राहतात." सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या मीच वाजवल्या, हे आठवलं की अजून तळवे चुरचुरतात.

तर पट्ट्यापाशी.

"काका, ते सूप तर तुम्ही पाजलंत ना?"

"तू सुट्टे नाहीत म्हणालास, म्हणून मी दिले."

"मी असं काही म्हणालो नाही."

"चेहऱ्यावर होतं." मग खिशातून छोटी वही निघाली. "माझ्या वाडग्याचे मी धरलेलेच नाहीत. तुझ्या एकट्याचे दोनशे चाळीस नेपाळी. आपल्या रुपयाला त्यांचे एक साठ. १९९३ पासून हा दर हललेला नाही, डॉलरचं बघ काय झालं! म्हणजे आपले दीडशे."

"जीपे करतो."

"मोबाइलात मी पैसे ठेवत नाही."

माझ्याकडे दोनशेची नोट होती. काकांनी शर्टाच्या आतून रबरबँड लावलेली पुरचुंडी काढली, अंगठा जिभेला लावला. "पन्नास आपले नाहीत रे. पन्नासाचे नेपाळी ऐंशी देतो." आणि त्यांनी माझ्या तळहातावर एक पन्नासाची, एक विसाची, एक दहाची अशा तीन नोटा मोजून ठेवल्या. तिन्हींवर एव्हरेस्ट. "पुढच्या खेपेला लागतीलच तुला."

पुढच्या खेपेला! हप्ते अजून या खेपेचे चालू आहेत.

एरवी आपल्याकडे निरोप असा उरकत नाही. "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं, आणि येतो म्हणून झाल्यावर अर्धा तास चपलांच्या स्टँडपाशी, मग लिफ्टचं दार पायानं अडवून, मग स्कूटर चालू ठेवून. माझ्या मावशीकडून निघायला आम्हाला निघण्याच्या दीड तास आधी निघावं लागतं. पण सामानाचा पट्टा फिरू लागला आणि काल एकमेकांच्या गळ्यात पडून रडलेली २६ माणसं चार मिनिटांत पांगली. ज्या ताईंनी राखी पाठवीन म्हणून पत्ता घेतला होता, त्या माझ्या पायावरून ट्रॉली नेऊन "एक्स्क्यूज मी" म्हणाल्या. नेपाळचं घड्याळ आपल्या १५ मिनिटं पुढे, त्यामुळे उतरताना प्रत्येकाला १५ मिनिटं फुकट परत मिळाली होती. माझी काकांच्या वहीत गेली.

आणि खरं सांगायचं तर दीडशे रुपयांचं मला काही नाही.

सांगलीच्या एक आजी होत्या आमच्यात. मुक्तिनाथाच्या पायऱ्या माझा दंड धरून चढल्या आणि उतरल्याही. धारांखाली जाणं त्यांना झेपणारं नव्हतं. "माझ्या वाटणीचं पाणी तूच अंगावर घे बाळा," म्हणाल्या. (म्हणून दुसऱ्या फेरीला मी फार कुरकुर केली नाही.) काठमांडूत विमानात चढताना मला बजावलं होतं, "पट्ट्यापाशी भेट. तसाच पळू नकोस."

मी पळालो नाही. मी जिथल्या तिथं उभा होतो, कारण काका माझी दोनशेची नोट दिव्यासमोर धरून खरी की खोटी ते बघत होते. त्यांच्या कोपराखालून मला आजींची व्हीलचेअर दिसली, जांभळी शाल दिसली, मग काचेचं दार सरकलं. मी "आजी!" म्हणून ओरडलो. तीन वेगळ्या आज्यांनी वळून बघितलं.

"चांगली आहे," काका नोटेबद्दल म्हणाले.

बॅग घेऊन बाहेर धावलो तोवर मुलगा त्यांना घेऊन गेला होता. त्यांची माकडटोपी माझ्या सॅकमध्ये आहे, तिला अजून बामाचा वास येतो. ग्रुपवर त्या नाहीत, त्यांच्याकडे बटणांचा फोन. टूरवाल्यांना नंबर मागितला तर, प्रवाशांची माहिती देता येत नाही म्हणाले. ९ दिवस "आपण एक कुटुंब आहोत" हे तेच माइकवरून सांगत होते.

ग्रुपवर काल पहाटे काकांचा निरोप आला : "सर्व येणी वसूल. सर्वांचे मनःपूर्वक आभार. माणसं राहतात." एकोणीस जणांनी अंगठे दिलेत. ताईंनी फूलसुद्धा.

माझ्याकडे ऐंशी नेपाळी रुपये आहेत. कुणी जाणार असेल तर सांगा. आपले पन्नास द्या. सुट्टे आणा.