मुरुडशेंग कोणाची?

काल जव्हारच्या आमच्या कट्ट्यावर जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीवरून वाद पेटला. झाडपाला आणि त्याचे पारंपरिक ज्ञान वापरून कमावणाऱ्याने ते जपणाऱ्यांना वाटा द्यावा, असे हा कायदा सांगतो. औषधांचे दुकान चालवणाऱ्या विलासने नेहमीप्रमाणे ठणकावले, की भगताच्या, म्हणजे पाड्यावरच्या वैदूच्या, पाल्याला मात्रा नसते आणि मात्रा नसेल तर त्याला औषध म्हणता येत नाही.

निवृत्त परिचारिका सुमनताई म्हणाल्या, "झाडपाल्यापायी दवाखान्यात उशिरा आलेले सर्पदंशाचे रुग्ण मीही पाहिले आहेत. पण सर्पगंधेचे मूळ लोक वेडावर, झोप न येण्यावर पिढ्यान्‌पिढ्या देत होते. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी तेच रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन १९४९ मध्ये निष्कर्ष छापले, आणि रेसर्पिन हे रक्तदाबावरचे औषधी द्रव्य त्या मुळातून १९५२ मध्ये वेगळे झाले. मात्रा मागाहून ठरली रे, मूळ आधी कोणीतरी दाखवले होते."

मोबाइलवर आलेला प्रत्येक काढा खरा मानणारे नाना उसळून म्हणाले, "हे सगळे आपल्या ग्रंथांत आहेच!"

"तिथेच तर घोडे पेंड खाते, नाना," सुमनताई म्हणाल्या. "दुरुस्तीने ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाला वाटा देण्यातून सूट मिळाली. तोंडी ज्ञानाचा हक्क राहिला म्हणतात, पण भगताने तो कोणता कागद दाखवून मागायचा? केरळातल्या काणी आदिवासींनी १९८७ मध्ये शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा या रानवनस्पतीची फळे दाखवली, त्यातून पुढे 'जीवनी' हे औषध आले आणि परवान्याच्या रकमेतला निम्मा वाटा काणींसाठी ठरला. तेव्हा तर हा कायदाही नव्हता."

"एकच पाला दहा पाड्यांना ठाऊक असतो, मग पैसे कोणाला द्यायचे?" विलासने विचारले. हा प्रश्न खरोखर अवघड आहे.

"काणींनी त्यासाठीच न्यास काढला. आणि मात्रेचे म्हणशील, तर तुझ्या नातीच्या पोटात मुरडा आला तेव्हा दुकानातले थेंब संपल्यावर तुझ्या आईने सहाणेवर मुरुडशेंगेचे मोजून दोनच वेढे उगाळले होते. ती मात्रा नव्हती तर काय होते?"

विलास गप्प झाला. नानांनी मात्र संधी साधली. "ती शेंग माझ्या घरातून नेली होती, अजून परत आलेली नाही."

"तुम्हाला ती मी दिली होती," सुमनताई म्हणाल्या, "आणि मला पाड्यावरच्या सुईणीने."

हसण्याच्या गदारोळात विलासने चहाचे पैसे दिले आणि त्या सुईणीचा पाडा कोणता, हे हळूच विचारून घेतले.