डबक्यातले मासे आणि एक निनावी वाचक

निनावी वाचकमहाशय,

ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर साचून राहणाऱ्या डबक्यांतले मासे गेल्या काही दशकांत कसे बदलले, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचावी लागली, कारण मुद्दा कुठे संपतो आणि टोमणा कुठे सुरू होतो ते पहिल्यांदा कळलंच नाही. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सारांश देतो. डबक्यातले मासे आज इथे, उद्या तिथे, म्हणून त्यांची वर्षानुवर्षांची मोजणी निरर्थक. मी दिलेला कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागराकाठचा दाखला माशांचा नाहीच. भरती-ओहोटीचं 18.6 वर्षांचं चक्र मी विचारात घेतलं नाही. सगळे मासे काढून टाकले तरी डबकं पूर्वीसारखंच भरतं, हे 1982 सालीच दाखवलं गेलंय. आणि लेख 'पाय न भिजवता' लिहिलेला आहे.

या शेवटच्या वाक्याची गरज होती का? विद्यार्थी असताना मी अशाच एका सर्वेक्षणात मदतनीस होतो. उधाणाच्या दिवसांतली ओहोटी पहाटे असो की भर दुपारी, बादलीने डबकं उपसायचं, कपारीत बोटं घालून चाचपायचं, लवंगतेलाने मासे गुंगवायचे, मोजपट्टीवर धरायचे आणि पाणी चढायच्या आत होते तिथेच सोडायचे. बार्नॅकलने, म्हणजे खडकाला चिकटलेल्या धारदार कवचांच्या जीवांनी, सोललेल्या गुडघ्यांचे व्रण अजून आहेत. हे सांगायची हौस नव्हती, पण आपणच पायांवर आलात. लेखाचं शीर्षक जरा भडक होतं, एवढं मात्र मान्य करतो.

आता 'आज इथे, उद्या तिथे' याबद्दल. हे वाक्य आपण इतक्या सहज टाकलंत की बाकीच्या प्रतिक्रियेवरचा माझा विश्वासच उडाला.

डबक्यात दोन तऱ्हेचे मासे असतात. काही पाहुणे. ओपलआय माशाची पिल्लं डबक्यात वाढतात आणि मोठी झाली की खोल पाण्यात निघून जातात. त्यांच्यापुरतं आपलं म्हणणं चालेल. पण कायमचे रहिवासी वेगळे. स्कल्पिन, ब्लेनी, गोबी, खडकाला पोटाने चिकटून बसणारे क्लिंगफिश. यांतल्या टाइडपूल स्कल्पिनला उचलून दूरच्या डबक्यात सोडलं तर तो बऱ्याचदा आपल्या मूळ डबक्यात परत येतो. वास घेण्याची क्षमता बंद केली की त्याचं परतणं बिघडतं, म्हणजे वाट तो बऱ्याच अंशी नाकाने शोधतो.

फ्रिलफिन गोबीची गोष्ट तर याहून भारी. लेस्टर ॲरॉन्सन यांनी 1951 साली दाखवलं की ओहोटीला धोका जाणवला की हा मासा शेजारचं डबकं न दिसताही नेमकी त्यातच उडी मारतो. भरतीला खडक पाण्याखाली असताना त्यावरून पोहत तो खाचखळग्यांचा नकाशा शिकून घेतो. पुढच्या प्रयोगांत ही आठवण सुमारे 40 दिवसांनंतरही टिकलेली आढळली. हा आपला 'आज इथे, उद्या तिथे' मासा! आपण एकदा तरी डबक्याकाठी सावली न पाडता बसून पाहिलं असतंत, तर ते वाक्य लिहायला हात धजावला नसता.

आणि म्हणूनच मोजणीला अर्थ येतो. पिल्लं डबक्यात येण्याआधी अळी-अवस्थेत काही आठवडे समुद्रात वाहत असतात. त्यामुळे एखाद्या वर्षी डबकं गच्च भरतं, पुढच्या वर्षी जवळपास रिकामं. दोन वर्षांच्या आकड्यांवरून कुणी निष्कर्ष काढत असेल तर त्याला जरूर झोडपा. पण 1982-83 आणि 1997-98 चे एल निन्यो, म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापण्याचे काळ, 2014 ते 2016 ची ईशान्य पॅसिफिकमधली उष्ण लाट, अशा काळात दक्षिणेकडचे जीव आपली हद्द ओलांडून उत्तरेला सापडले. ते आले हे महत्त्वाचं नाही. पाणी निवल्यावर त्यांच्यातलं कोण राहिलं, हे महत्त्वाचं. ते कळायला दशकं लागतात. शिवाय तापमान हा एकटाच आरोपी आहे असं मी कुठे लिहिलंय? फ्लफी स्कल्पिनला शेवाळाचा आणि सर्फग्रास या समुद्री गवताचा आडोसा लागतो. आडोसा गेला तर पाणी कितीही थंड असलं तरी तो राहायचा नाही.

बाकीचे मुद्दे थोडक्यात उरकतो. माँटेरेच्या अभ्यासात 45 अपृष्ठवंशी जाती होत्या, मासे नव्हते, हे मलाही ठाऊक आहे. विलिस ह्यूअट या संशोधकाने 1931 ते 33 दरम्यान तिथे मोजलेल्या जागा इतरांनी 1993-94 मध्ये पुन्हा मोजल्या. दक्षिणेकडच्या 9 पैकी 8 जाती वाढल्या, उत्तरेकडच्या 8 पैकी 5 घटल्या. त्याच जागी परत जाऊन मोजता येतं, एवढंच मला दाखवायचं होतं. 18.6 वर्षांच्या चक्राने डबकी किती वेळ उघडी पडतात ते बदलतं, खरं आहे. त्यावर स्वतंत्र लेख लिहीन, किंवा नाहीही लिहिणार. राहता राहिला मासे काढून टाकण्याचा, ग्रॉसमन यांचा 1982 चा अभ्यास. तो काही वर्षांच्या काळापुरता होता, आणि उपसलेलं डबकं पुन्हा भरतं ते आसपासच्या माशांमुळे आणि समुद्रातून येणाऱ्या पिल्लांमुळे. येणारी पिल्लंच वेगळ्या जातींची असतील तर काय होईल, याचा आपणच विचार करा. सल्ले द्यायला आपल्याला आवडतातच.

आपली ही प्रतिक्रिया काढलेली नाही, जशीच्या तशी ठेवली आहे. त्याखाली आपण माझ्या शिक्षणाविषयी लिहिलेली दुसरी मात्र काढली आहे.