7 वर्षं थांबायलाच हवं असं नाही

नवरा बेपत्ता असेल तर घटस्फोटासाठी 7 वर्षं थांबावंच लागतं, असं एका लेखात म्हटलंय. हे वाचून कुणी बाई गप्प बसू नये म्हणून लिहितोय. आम्ही विट्याकडचे. बहिणीचा नवरा गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या) कामाला कोइमतूरला गेला. दोन दिवाळ्या पैसे आले, मग फोनच बंद. गाळ्यात दुसराच माणूस.

हिंदू विवाह कायद्यातली 7 वर्षांची अट माणूस जिवंत असल्याची काहीच खबर नसेल तेव्हाची. सोडून गेला या कारणावर सलग 2 वर्षं पुरतात. बायको राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, कोइमतूरला जावं लागलं नाही. समन्स परत आलं, मग कोर्टाच्या हुकमाने पेपरात जाहीर नोटीस, तीही तो शेवटी राहत होता तिकडच्या पेपरात.

शोध मात्र खरा घ्या. पोलिसांत मिसिंगची तक्रार, भावकीत चौकशी, पाठवलेल्या टपालाची पोचपावती, सगळं जपून ठेवा. माहीत असलेला पत्ता लपवला तर एकतर्फी निकाल पुढे रद्द होऊ शकतो. निकालानंतर अपिलाची 90 दिवसांची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न ठरवू नका. घरच्यांची घाई आम्हीही सोसली, पण बहीण थांबली.